हवालदार आला की पुढे पळवा

करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीत सगळ्यात मोठा टीव्ही माझा, आणि सगळ्यात मोठं तोंडही माझंच. म्हणून समोरच्या फ्लॅटमधले भाऊ एका रविवारी म्हणाले, "तो पोलिसांचा नवा पिक्चर आलाय ना, तुमच्याकडंच बगू," तेव्हा मला काही वेगळं वाटलं नाही. भाऊ पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. दुपारी भाऊंबरोबर वहिनी जरीकाठी साडी नेसून, गजरा माळून आल्या. हातात पेढ्यांचा बॉक्स.

"वहिनी, पिक्चर बघायचाय, साखरपुडा नाहीये कुणाचा!" मी म्हणालो. त्या नुसत्या लाजल्या. तिथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती.

पिक्चर सुरू झाला. निलंबित इन्स्पेक्टर, वाढलेली दाढी, बायकोच्या फोटोला हार. दहाव्या मिनिटाला मी जाहीर करून टाकलं, "खुनी कमिशनर!" रिमोट अर्थातच माझ्या हातात. "आता हा पावसात सिगरेट ओढणार. पळवतो पुढे." बायको हसली, मला चेव आला. "आणि हवालदार धावत आला की समजायचं, 'साहेब, बॉडी सापडली'. तोही पळवायचा!"

"जरा थांबा ना," भाऊ एकदा म्हणाले.

"टेन्शन घेऊ नका भाऊ, काही हुकत नाहीये तुमचं."

अडीच तासांचा पिक्चर मी सव्वा तासात उरकला. कमिशनरच खुनी निघाला. टाळीसाठी हात पुढे केला, भाऊंनी गुपचूप टाळी दिली. "बकवास पिक्चर!" मी निकाल दिला. वहिनी पेढ्यांचा बॉक्स न उघडताच परत घेऊन गेल्या. मला वाटलं, द्यायला विसरल्या.

संध्याकाळी बायको वहिनींना लिफ्टपाशी भेटून आली. चेहरा उतरलेला.

"भाऊ होते त्यात."

"कशात?"

"पिक्चरमध्ये. हवालदार. त्यांच्या कारखान्याशेजारच्या बंद शेडमध्ये शूटिंग झालं होतं. आपल्याला सरप्राइज द्यायचं होतं त्यांना."

मी पिक्चर मागे नेला. भाऊ धावत येतात, टोपी सावरतात, म्हणतात, "साहेब, बॉडी सापडली." मग इन्स्पेक्टरकडे न बघता क्षणभर स्वतःच्या बुटांकडे बघतात. एवढंच. पण त्या अख्ख्या पिक्चरमध्ये मेलेल्या माणसाचं वाईट वाटलेला तेवढा एकच माणूस होता, आणि नेमका तोच मी पळवला होता. शेजारी बसवून.

जाऊन त्यांची बेल वाजवली.

"भाऊ, तुमचा सीन बघितला. चार वेळा. काय काम केलंय हो तुम्ही!"

"सोडा ओ," भाऊ हसले. "पिक्चरच बकवास हाय."

"नाही नाही, तसा बराय की," मी चाचरत म्हणालो. मग काहीतरी बोलायचं म्हणून, आणि थोडं लाडात येऊन, मी विचारलं, "आणि आमचे पेढे?"

"ते खाली वॉचमनला दिले," भाऊ म्हणाले. "त्यानं मोबाइलवर बगितला ना. पूर्ण."