आमच्या बाजूचा माणूस

आम्ही कॉव्हेंट्रीच्या बाहेर एका छोट्या वस्तीत राहतो. मी पुण्याची, बर्मिंगहॅमच्या एका बँकेचं सॉफ्टवेअरचं काम बहुतेक घरूनच करते. शेजारी एक मराठी काकू राहतात. त्यांचे यजमान इथे हॉस्पिटलात डॉक्टर होते, ते गेल्यापासून त्या एकट्याच असतात. त्यांना दमा आहे. रेल्वेलाइनपलीकडे कचरा जाळून वीज करायचा प्लांट येणार असं कळलं, तेव्हा शेजारपाजारच्यांना गोळा करण्यात त्याच पुढे होत्या.

तो माणूस आमच्या दुसऱ्याच मीटिंगला आला. पन्नाशीचा, हळू आवाजात बोलणारा. लोकांचं म्हणणं कौन्सिलपर्यंत, म्हणजे इथल्या नगरपालिकेपर्यंत, नीट पोचावं म्हणून मदत करतो, म्हणाला. काकूंच्या दारात कोणी न सांगता बूट काढून ठेवले. त्याच्याआधी असं कुठल्याच गोऱ्या पाहुण्याने केलं नव्हतं, त्यामुळे काकू लगेच विरघळल्या. चहा झाला. मग फोन टेबलावर ठेवून, रेकॉर्ड केलं तर चालेल ना, असं विचारून त्याने काकूंना म्हटलं, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?"

काकूंचं इंग्रजी उत्तम आहे, पण हे त्या माझ्याकडे बघून मराठीत बोलल्या.

"सकाळी मागच्या दारात खुर्ची टाकून बसते मी. ह्यांची निळी शाल असते अंगावर. तेवढाच मोकळा श्वास मिळतो गं दिवसभरात."

मी भाषांतर केलं. त्याने मान हलवली. इतक्या मनापासून आमचं कोणी ऐकलं नव्हतं.

पुढे काही आठवड्यांनी प्लांट उभारणाऱ्या कंपनीने कम्युनिटी हॉलमध्ये त्याची माहिती देणारं प्रदर्शन भरवलं. मी आणि काकू गेलो. आत शिरताच समोर भिंतभर चित्र होतं. घराचं मागचं दार, खुर्ची, त्यात पाठमोरी बसलेली पांढऱ्या अंबाड्याची बाई, खांद्यावर निळी शाल. पलीकडे झाडं आणि स्वच्छ आकाश. प्लांटची धुराची चिमणी कुठेच नाही. खाली लिहिलं होतं, 'तुमचा मोकळा श्वास आम्हालाही मोलाचा.'

काकू किती तरी वेळ बघत राहिल्या. मग माझा दंड धरून म्हणाल्या, "ही मी आहे ना?"

स्टॉलवरची मुलगी हसून म्हणाली की ही कुणी खरी व्यक्ती नाही, कॉम्प्युटरने केलेलं चित्र आहे. मी जवळ गेले. दाराखालच्या पायरीचा डावा कोपरा तुटलेला होता. काकूंच्या पायरीचाही आहे. त्याबद्दल तो घरी आला त्या दिवशी आम्ही अवाक्षर काढलं नव्हतं.

तो माणूस चहाच्या टेबलापाशी उभा होता. गळ्यात कंपनीचा बिल्ला. जरासुद्धा दचकला नाही. जुनी ओळख असल्यासारखा पुढे आला, "आलात! बरं झालं."

"तुम्ही नक्की कोणाचे?" काकूंनी विचारलं.

"मी संवाद घडवून आणतो. दोन्ही बाजूंशी बोलावंच लागतं."

"आणि पगार कोण देतं?"

"चहा घेणार ना?" तो म्हणाला. "तुम्हाला बिनसाखरेचा."

घरी येऊन मी लॉबिइस्टांचं, म्हणजे कंपन्यांच्या वतीने सरकारदरबारी वजन टाकणाऱ्यांचं, सरकारी रजिस्टर शोधलं. त्याचं नाव नव्हतं, कंपनीचंही नव्हतं. नियम वाचला तेव्हा कळलं की ते असायची गरजच नव्हती. दुसऱ्यासाठी पैसे घेऊन थेट मंत्र्यांशी किंवा खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांशी बोलणाऱ्यांनी तिथे नोंद करायची. कौन्सिलरांशी किंवा एखाद्या म्हातारीशी तिच्या स्वयंपाकघरात बसून बोलणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. नियमाच्या दृष्टीने त्याने काहीच लपवलं नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

प्लांटला परवानगी द्यायची का हे ठरवणाऱ्या कौन्सिलच्या प्लॅनिंग कमिटीच्या सभेत काकू बोलायला उठल्या. तो मागच्या रांगेत बसला होता. मी वळून पाहिलं, तर काकूंच्या शब्दांबरोबर त्याचे ओठ किंचित हलत होते, पाठ केलेली गोष्ट ऐकताना हलतात तसे. शेवटी काकूंनी त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे गृहस्थ माझ्या घरी आले तेव्हा कोणासाठी काम करत होते?"

अध्यक्षबाई सौम्यपणे म्हणाल्या की हा प्रश्न प्लॅनिंगचा नाही. मग एक कौन्सिलर सावकाश उठले. या गृहस्थांबरोबर आपण जेवायला गेलो होतो, हे आधीच सांगायला हवं होतं, असं म्हणून कागद तिथेच सोडून बाहेर गेले. उरलेल्यांनी मतदान केलं. प्लांट मंजूर झाला.

ते चित्र कंपनीच्या वेबसाइटवरही होतं; काकूंनी खडसावून ईमेल केल्यावर ते तिथून निघालं. तेवढंच आमच्या हाती लागलं. आमचा ग्रुप मात्र विस्कटला. लोक यायचे, पण कोण कोणाचा माणूस असेल या शंकेने दुसरा काय म्हणतो याची वाट बघत बसायचे.

गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या घरात नवीन बाई राहायला आल्या. केक घेऊन माझ्याकडे आल्या आणि सहज विचारलं, "इथे कसं वाटतं तुम्हाला? काही त्रास?"

"काही नाही," मी म्हटलं. "सगळं छान आहे."

त्या गेल्यावर केक तसाच ओट्यावर राहिला.