बिनविणीची हॅट आणि आबांचं घोंगडं

कांद्याच्या गोण्या जोखायच्या काट्यावर माझी बॅग ठेवली होती आणि आबा वाकून आकडा वाचत होते. विमानात तेवीस किलो चालतात आणि काटा विसाच्या जरा पुढं थांबला होता. "अजून जागा हाय की," असं म्हणत आबा घरात गेले आणि आपलं घोंगडं घेऊन बाहेर आले. काळंभोर, जावळाचं, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीचं. अंगणात निरोप द्यायला राहू गावचे माझे मामा होते, भावकी होती, रांजणगावच्या कंपनीतल्या माझ्या दोन मैत्रिणी होत्या. त्या मैत्रिणींकडं बघत मी म्हणाले, "आबा, तिकडं असलं काही चालत नाही. वासानं विमानातली माणसं उतरून जातील."

सगळे हसले. आबाही हसले. मग त्यांनी घोंगड्याची घडी पुन्हा नीट केली, ते आत खुंटीवर ठेवलं आणि बॅग उचलून गाडीकडं निघाले. तिकडं चालतं की नाही, हे मी कुणाला विचारलेलंच नव्हतं.

मी शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईची. आमचं घर धनगराचं. आबा तरणेपणी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर घाट चढून परत यायचे. मला कळायला लागलं तेव्हा चरायला रान उरलं नव्हतं, मेंढरं विकून झाली होती आणि आम्ही कांदा-बाजरीवाले झालो होतो. राहिलं होतं ते एक घोंगडं. ते मध्यात दुमडून, एक कोपरा दुसऱ्यात खोचून डोक्यावर घेतलं की झाली खोळ. डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत पाऊस बाहेर आणि माणूस आत. मी पाचवीत असताना एकदा पावसात शाळेतून आबांच्या खोळीत शिरून घरी आले. दुसऱ्या दिवशी बाकावरची पोरगी नाक धरून सरकली. ते नाक धरणं मी फार दिवस मनात ठेवलं.

डिप्लोमा करून मी रांजणगावला पंप बनवणाऱ्या कंपनीत लागले. डोक्याला स्कूटीवर स्कार्फ आणि कंपनीत प्लास्टिकचं पिवळं हेल्मेट. नवरा, संतोष, आधीच न्यूझीलंडला गेला होता. त्याच्यामागं मीही निघाले. आता मी तिथल्या दक्षिण बेटावर शेतांमधले पंप आणि पाण्याच्या मशिनी दुरुस्त करते. मशीन म्हणजे चाकांवरचा लांबलचक पाइप. घड्याळाच्या काट्यासारखा फिरत शेकडो एकराला पाणी देतो. पहिल्यांदा तो बघितला तेव्हा मला आमचं बारं देणं, म्हणजे पाटाचं पाणी पिकात फिरवणं आठवलं, फावडं घेऊन चिखलात उभी असलेली आई आठवली, आणि मी बराच वेळ नुसती उभी राहिले.

तुम्ही जे गावीच राहिलात, त्यांना तिकडचं हवामान सांगून पटायचं नाही. सूर्य उत्तरेकडून जातो आणि थंडी दक्षिणेकडून येते. सकाळी गवतावर हिव असतं, अकराला ऊन असं चावतं की कानाच्या पाळ्या सोलून निघतात, दुपारी गरम वारा सुटतो, आणि चारच्या सुमाराला दक्षिणेकडून काळी भिंत चालत येते. एका दिवसात आपले सगळे महिने. आणि मेंढरं! पहिल्या आठवड्यात टेकडीवर पांढरे धोंडे दिसले म्हणून मी बघत होते, तर ते सगळे धोंडे उठून चालायला लागले. अंगावर काटा आला माझ्या. आबांनी उभ्या जन्मात राखली असतील त्याहून जास्त मेंढरं त्या एका टेकडीवर होती आणि त्यांच्यामागं माणूस एकही नव्हता.

अशा मुलखात दिवसभर उघड्यावर काम करायचं तर डोक्यावर काय घालायचं, हा प्रश्न मला वाटला तेवढा साधा निघाला नाही. जे माझ्यासारखे गेलात, त्यांना हे माहीत असेल. सुरुवातीला मी रांजणगावची सुती कॅप घालायची. उन्हात बरी, पण एकदा भिजली की दिवसभर ओलं फडकं कपाळाला बांधल्यागत गार. मग नायलॉनची, पाऊस न लागणारी हॅट घेतली. पाऊस खरंच आत आला नाही, पण घामही बाहेर गेला नाही. ऊन पडलं की डोक्याचा कुकर. मग गवताची विणलेली, मोठ्या काठाची. उन्हात तिच्यासारखं सुख नाही. पहिल्या गरम वाऱ्यात ती उडाली आणि कालव्यातून माझ्या देखत वाहत गेली. दुसरी आणली ती पावसात भिजलेल्या सुपासारखी लोंबली. संतोष म्हणाला, "तू पंप दुरुस्त करायला आलीस का टोप्यांचं दुकान टाकायला?"

या सगळ्या काळात फोनवर आबा दोनच वाक्यं बोलायचे. "बरी हाईस नव्हं? घे, आईशी बोल." अंगणातल्या त्या हसण्यानंतर त्यांनी मला एका शब्दानं काही म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. आबांनी पुन्हा पहिल्यासारखं माझ्याशी बोलावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते कसं मागायचं ते मला समजत नव्हतं.

एका दुपारी मी मशीनच्या दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्ह बदलत होते. गाडी अर्ध्या किलोमीटरवर. डोक्याला सुती कॅप, कारण सकाळी ऊन होतं. दक्षिणेकडची ती भिंत आली आणि आधी पाऊस, मग गारा. पाच मिनिटांत माझ्या बोटांना पाना धरवेना. डोकं गार पडलं की माणसाला विचारसुद्धा नीट सुचत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. गाडीकडं जायचं सोडून मी तिथंच गुडघ्यात डोकं घालून बसले. त्या शेताची मालकीण पॅट, सत्तरी ओलांडलेली बाई, चारचाकी मोटरसायकलवर मला शोधत आली. तिनं आपल्या डोक्यावरची हॅट काढली आणि माझ्या डोक्यावर दाबून बसवली.

ती हॅट बाहेरून चिंब होती आणि आतून उबदार होती. मला नवल वाटलं. आणि मग वास आला. भिजलेल्या मेंढराचा वास. आबांच्या खोळीतला वास. पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, एका गोऱ्या म्हातारीच्या डोक्यावरून तो माझ्या डोक्यावर आला होता. मला रडू कोसळलं. पॅटला वाटलं मी गारांना घाबरले.

"लोकर भिजती, पर माणसाला भिजू देत न्हाई," असं आबा म्हणायचे. लहानपणी मला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटायचं. ते शब्दशः खरं होतं. लोकर ओल आपल्या अंगात मुरवते आणि आतल्या माणसाला कोरडं ठेवते, उन्हात ती ताप अडवते, थंडीत ऊब धरते. ज्या एका गोष्टीला मी चारचौघांत हसले होते, ती शोधत मी दोन वर्षं दुकानं पालथी घातली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

त्या शनिवारी मी शेतीच्या सामानाच्या दुकानातून लोकरीच्या फेल्टची, रुंद काठाची, हनुवटीखाली दोरी असलेली हॅट घेतली. घरी येऊन व्हिडिओ कॉल लावला आणि आईला म्हणाले, "आबांना दे. घेत नसले तरी दे."

आबांचं अर्धं कपाळ आणि फेटा दिसला.

"आबा, टोपी घेतलीय. लोकरीची."

फेटा जरा हलला. मग आवाज आला, "जावळाची हाय का?"

"ते माहीत नाही, आबा."

"इचारायचं न्हाई व्हय? फोनजवळ धर." मी धरली. "हिची वीण कुठं हाय?"

मी सांगितलं, हिला वीणच नसते. लोकर गरम पाण्यात घालून, दाबून, घासून तिचा एकजीव पत्रा करतात आणि साच्यावर बसवतात. आबांनी फोन तोंडासमोर आणला. मग हळूच म्हणाले, "म्हंजी जट. मेंढीच्या पाठीवर पावसानं जट धरती, तसं. आरं तिच्या... आमी ती जट कापून टाकायचो, आन् त्यांनी टोपी केली!" ते दोनदा, तीनदा म्हणाले. इतकी वर्षं हातून गेलेली गोष्ट काय होती, ते त्यांना त्या क्षणी दिसत होतं. मी त्यांचा तसा चेहरा कधी बघितला नव्हता.

"पाणी वतून बघितलं का?"

आमच्याकडं घोंगडं घेताना बाजारातच ते चौघांनी झोळीसारखं धरून वर तांब्याभर पाणी ओततात. खाली ठिपका पडला तर दुसरं बघायचं. मी सिंकवर हॅट उलटी धरली आणि पाण्यानं भरली. "धर तशीच. मी च्या घिऊन येतो," म्हणून आबा गेले. मी स्वयंपाकघरात भरलेली हॅट धरून उभी, समोर फोनमध्ये गावच्या घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर. आबा सावकाश चहा पिऊन आले. ठिपका पडला नव्हता.

"घे. चांगली हाय," आबा म्हणाले. त्या दिवशी आम्ही तासभर बोललो.

महिन्याभरात हॅटचा काठ जरा लवायला लागला. मी आबांना विचारलं. "त्यात काय, चिंचोक्याची खळ दे," ते म्हणाले. घोंगड्याला विणकर देतात तशी. मी इंडियन दुकानातून चिंच आणली, चिंचोके भाजून वाटले, खळ शिजवली आणि हॅटला दिली. हॅट पत्र्यासारखी ताठ झाली. मी ऐटीत पॅटच्या शेतावर गेले आणि भुरभुर सुरू झाली. खळ विरघळून कानावरून, मानेवरून ओघळायला लागली आणि गोठ्याकडची वासरं ती चाटायला माझ्यामागं लागली. पॅट कुंपणाला धरून हसत होती. रात्री आबांना सांगितलं तर तेही हसून हसून खोकले. "अगं, ती पहिल्या पावसात धुवून जातीच! डोक्याच्या टोपीला कोण खळ देतं?"

"तुम्हीच सांगितलंत की!"

"मी? आसंल मंग." आणि पुन्हा हसले.

यंदा मी गावी गेले. दुसऱ्या दिवशी धीर करून विचारलं, "आबा, ते घोंगडं मला देता का?" आबा उठून गोठ्याकडं गेले. भाकरी थापता थापता आई म्हणाली, "खुटीवर हाय बघ. तू गेलीस तवापासनं घडी मोडली न्हाई त्यांनी. दोन पावसाळं युरियाच्या पोत्याची खोळ घिऊन हिंडलं. म्हनायचं, ते पोरीचं हाय, तिला कवातरी लागंल."

मी चुलीपुढं बसून राहिले. दोन वर्षं मी तिकडं टोपीमागून टोपी बदलत होते, आणि इकडं जावळाचं घोंगडं खुंटीवर ठेवून आबा प्लास्टिकच्या पोत्यात भिजत होते.

या वेळी मी नियम वाचून गेले होते. लोकर चालते; स्वच्छ पाहिजे आणि फॉर्मवर लिहिलं पाहिजे. माती नको, बी नको, गवताची काडी नको. घोंगड्यात कुसळं असतात. माळावरच्या गवताची ती बारीक टोकं लोकरीत शिरली की वर्षानुवर्षं निघत नाहीत. आबांनी घोंगडं धुवून वाळवलं, आणि तीन दिवस आम्ही दोघं अंगणात समोरासमोर बसून त्यातली कुसळं वेचली. आबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. ते बोटानं चाचपायचे आणि मी बघून काढायचे. "हे घाटातलं," एखादं कुसळ चिमटीत धरून ते म्हणायचे. "हे आपल्याच माळाचं." खरं-खोटं त्यांनाच माहीत. मी म्हणाले, "आबा, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं." ते मान वर न करता म्हणाले, "हात चालव. ऊन हाय तवर बघून घिऊ."

तिकडच्या विमानतळावर मी फॉर्मवर लोकरीपुढं खूण केली. तपासणीच्या बाईनं हातमोजे घालून घोंगडं टेबलावर पसरलं, वर दिवा ओढला आणि काठाकाठानं बघायला लागली. हे काय आहे, तिनं विचारलं. सांगून कळेना, म्हणून मी ते दुमडलं, कोपरा खोचला आणि तिथंच डोक्यावर खोळ घेऊन दाखवली. रांगेतली माणसं बघत होती. या वेळी मला काही वाटलं नाही. ती बाई म्हणाली, फार सुंदर आहे. मग शिवणीच्या आतून तिनं चिमट्यानं एक कुसळ काढलं, पिशवीत टाकलं आणि म्हणाली, हे इथंच राहील, बाकी घेऊन जा.

मला कुणी विचारलं की आता घर कुठलं, तर मी पूर्वी अडखळायचे. आता मला वाटतं, जिथं कुसळ कुठल्या माळाचं ते ओळखणारं माणूस आहे, ते माझं घर. बाकी सगळीकडं मी कामाला असते, आणि चांगली असते.

बाहेर दक्षिणेकडचा पाऊस लागला होता. पार्किंगमध्ये मी खोळीत उभी राहून फोन लावला.

"आबा, सोडलं. एकच कुसळ सापडलं त्यांना."

"एकच?" आबा म्हणाले. आणि आत आईला ओरडून सांगितलं, "आगं ये, डाक्टरला सांग, दुसरा डोळा ऱ्हाऊ द्या म्हनावं."