कमलाबाईंना वाचून दाखवलेला खर्डा

काल मुलीने नवा टॉवेल आणला. घडी मोडताच खळीचा वास आला आणि मला कुंभारी गावातली कमलाबाईंची खोली आठवली.

पहिल्या कादंबरीसाठी मी दोन वर्षं अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत हिंडत होते. मागाच्या भागांची नावं, पाळ्यांच्या वेळा, सगळं वहीत उतरवलं होतं. कमलाबाई तिथे टॉवेलच्या कडा शिवायच्या. माझी नायिका त्यांच्यावरूनच घेतलेली, म्हणून एका रविवारी खर्डा त्यांना वाचून दाखवायला गेले. भिंतीला टेकून, पाय लांब करून त्या ऐकत होत्या.

वाचून झाल्यावर म्हणाल्या, "समदं बराबर लिवलंय की तुमी. पर ही बाई दमती कवा?"

"ती खंबीर आहे, कमलाबाई."

"व्हय, पर दमती कवा?"

मला राग आला. इतक्या मेहनतीवर एवढंच बोलावं त्यांनी? चहा घेऊन निघाले आणि एक ओळही बदलली नाही. पुस्तक तसंच छापलं. लोकांना आवडलंही.

आता कमलाबाई नाहीत. मला जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. मधल्या पायरीवर टेकले की वाटतं, त्या बाईला मी अख्ख्या पुस्तकात एकदाही बसू दिलं नाही.