योगिनीचा उजवा डोळा

केनवडच्या बाजारगल्लीत शेषरावचा फोटो स्टुडिओ आहे. आसपासच्या गावांतले चेहरे त्याच्या हाताखालून गेलेले. मुलगी योगिनी दुसरीत गेली तेव्हा ओळखपत्राचा फोटो काढताना तो दोनदा म्हणाला, "मान सरळ ठेव नं माय." फोटोत उजवा डोळा किंचित पुढे आलेला दिसत होता. त्याने कॉम्प्युटरवर तो डाव्यासारखा करून टाकला.

दिवाळीत बायकोने, रत्नमालाने हटकलं. "अवो, पोरीचा डोळा पाहा बरं. बाहेर येऊन राह्यला."

गावच्या डॉक्टरने थेंब दिले, वाशिमच्याने चष्मा. अकोल्याला स्कॅन झाला तेव्हा कळलं, डोळ्याला काहीच झालं नव्हतं. डोळा ज्या खोबणीत बसतो तिच्या हाडात गाठ वाढत होती आणि ती डोळ्याला पुढे ढकलत होती.

"कॅन्सर आहे," नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या जागी मुलांना फार क्वचित होतो."

"मंग आमच्याच पोरीले काहून?" रत्नमालाने विचारलं.

"आधी आणली असती तं?" शेषरावने विचारलं.

"सांगता येत नाही."

त्या उत्तराने तो आतून खचला.

केमोने केस गेले. मग ऑपरेशन झालं, त्यात हाडासकट डोळाही गेला. जखम भरल्यावर योगिनी हट्टाने शाळेत गेली आणि मधल्या सुट्टीतच परत आली.

"पोरी मले भेतात," ती म्हणाली. थोड्या वेळाने बापाकडे वळली. "बाबा, तुमीबी मले पाहत नाही."

खरंच होतं ते. जन्मभर लोकांचे चेहरे न्याहाळणारा माणूस पोरीशी भिंतीकडे बघून बोलत होता. त्याने नजर वर केली. पट्टीच्या शेजारचा तो एकटा डोळा त्याच्यावर खिळलेला होता.

पावसाळ्यात गाठी फुप्फुसांत निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी दुखण्याची औषधं देऊन घरी पाठवलं. आडवं झालं की पोरीला दम लागायचा. रत्नमाला तिला उशांना टेकवून, छातीशी धरून बसायची.

पौषात एका सकाळी योगिनी आईच्या अंगावरच गेली.

घरी बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. रत्नमालाने पोरीच्या उशा उन्हात टाकल्या, संध्याकाळी आत आणल्या आणि दारातच थांबली.

"ह्या आता कुठी ठेवू?"

शेषरावने तिच्या हातातली एक उशी घेतली.