आईची पहिली

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तिला सगळे इस्त्री म्हणायचे. तोंडावर नाही म्हणायचे, पण तिला माहीत होतं. काम रोलरवरचं. पिळलेल्या ओल्या चादरी एका बाजूने आत सरकवायच्या, दुसऱ्या बाजूने सपाट, गरम बाहेर घ्यायच्या. पण नाव पडलं ते कामावरून नाही, स्वभावावरून. सुरकुती दिसली की ती दाबणार म्हणजे दाबणारच, मग ती चादरीवर असो नाहीतर कुणाच्या बोलण्यात. सुपरवायझर एकदा म्हणाला, जरा गोड बोलत जा बाई. ती म्हणाली, गोड बोलायला मी काय इथे दुकान टाकलंय?

आपल्या माणसांसाठी मात्र जीव टाकायची. पण आपली माणसं उरली होती किती? बाप कधीच गेला. भाऊ कामासाठी लांब गेला आणि तिकडचाच झाला. लग्नाचं कुणी मनावर घेतलं नाही, तिने तर नाहीच नाही. उरली आई. लॉन्ड्रीच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्या, खिडकी उघडली की साबणाची वाफ थेट घरात. आई खाटेला खिळलेली. इस्त्री कामावर गेली की शेजारीण डोकावून जायची, परत आली की मग सगळं तिच्याच हाताने.

एके दिवशी ती आईचे पाय पुसत होती, तेव्हा आई म्हणाली, ‘‘मी गेले की मला माझ्या पहिलीशेजारी ठेव.’’

इस्त्रीला वाटलं, म्हातारी भरकटली. पहिली ती स्वतःच. तिने तसं सांगितलंही. आईने मान हलवली. तुझ्या आधी एक होती, म्हणाली. मुलगी. एकदाच रडली, मांजराच्या पिल्लासारखं, आणि मग गप्प झाली. नर्सने गुंडाळून बापाच्या हातात दिली. तो घेऊन गेला आणि अंधार पडल्यावर मोकळ्या हाताने परत आला. कुठे ठेवली ते त्याने कधी सांगितलं नाही, आईने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो मोडून पडला असता, म्हणाली.

‘‘एवढी वर्षं एकटी पडलीय ती तिथे,’’ आई म्हणाली. ‘‘ओळखीचं कुणी नाही.’’

झालं. इस्त्रीच्या डोक्यात ते एकदा गेलं ते गेलंच. आईला त्या पोरीशेजारी ठेवायचं. आई किती दिवसांची सोबती आहे ते डॉक्टरने न बोलताच सांगितलं होतं, तेव्हा वेळ काढून चालणार नव्हतं.

जन्म-मृत्यूच्या नोंदींचं ऑफिस पालिकेच्या इमारतीच्या मागच्या अंगाला. लांबट खोली, लोखंडी रॅक, वर संथ फिरणारा पंखा, आणि टेबलामागे एक क्लार्क, उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर घालणारा. त्याने विचारलं, नाव? नाव ठेवलंच नव्हतं. तारीख? माहीत नाही. वर्ष तरी? आई एवढंच सांगायची की तेव्हा नदीवरचा पूल नवा होता, कठडे लागायचे होते. क्लार्क हसला नाही. म्हणाला, पुलावर दगड असेल, बघून या. इस्त्री तशीच गेली, पुलाच्या टोकाचं गवत हाताने बाजूला केलं, दगडावरचं वर्ष वाचलं आणि परत आली. मग त्याने विचारलं, जिवंत जन्म की मृत जन्म?

‘‘रडली म्हणते आई,’’ इस्त्री म्हणाली. ‘‘मेलेलं पोर रडतं का हो?’’

क्लार्कने जन्माचं रजिस्टर पुढ्यात ठेवलं.

सुट्टीचा दिवस आला की ती तिथे. पेन न्यायला बंदी, फक्त पेन्सिल. एका वेळी एकच पुस्तक. मागे बापांच्या नावांची यादी होती, पण शाई पसरलेली, निम्मी पानं चिकटलेली, म्हणून तिने पान न् पान चाळायला घेतलं. पुलाचं वर्ष, त्याच्या आधीचं, त्याच्या नंतरचं. जन्मात नाही. मग मृत्यूचं पुस्तक घेतलं. तिथे लहान पोरांची रांगच्या रांग. कारण ताप. कारण ताप. कारण माहीत नाही. कुठे एकाच घरातली दोन, एकाच आठवड्यात. इस्त्री कधी रडायची नाही, तिथेही रडली नाही, पण त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. आपल्याला आपलं एक सापडेना, आणि दुसऱ्यांची इतकी सापडतायत, की बघवेना.

मृत्यूतही ती नाही.

शेजारीण म्हणाली, सोड ना, म्हातारपणात माणूस काहीही बोलतं. तिला इस्त्रीने जे ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पण रात्री कूस बदलताना तिच्याही मनात आलंच, खरंच आईने मनानेच रचलं असेल तर?

पुढच्या खेपेला तिने नाद सोडायचाच म्हणून शेवटचं एक केलं. स्वतःची नोंद काढली. सापडली. बापाचं नाव, भट्टीकामगार, खाली त्याची मोठाली, वाकडी सही. आणि एका बारीक रकान्यात, आईची कितवी प्रसूती, तिथे लिहिलेलं: दुसरी.

तिने पुस्तक उलटं करून क्लार्कच्या नाकासमोर धरलं. ‘‘दुसरी म्हणतोय माझा बाप. मग पहिली कुठेय तुमच्याकडे?’’

क्लार्कने चष्मा वर केला. ‘‘तिसरं पुस्तक बघायचं का?’’ तो म्हणाला. ‘‘पहिल्या दिवशीच काढणार होतो. तुम्ही रागावलात.’’

मृत जन्मांचं पुस्तक निराळं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. बारीकसं, पाठीला कापडी पट्टी. त्यात ती होती. मुलगी. बापाचं नाव, तारीख, आणि खाली तीच मोठाली, वाकडी सही.

इस्त्रीचं डोकं फिरलं. पोर रडली होती आणि बापाने मेलेलीच जन्मली म्हणून सही ठोकली. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही म्हणून ती क्लार्कशी भांडली. त्याने ऐकून घेतलं. त्या काळी पुष्कळजण असं सांगायचे, म्हणाला. जिवंत म्हटलं की जन्माची नोंद वेगळी, मृत्यूची वेगळी, डॉक्टरचा दाखला वेगळा. मेलेली म्हटलं की एका सहीत सुटका. इस्त्रीला भट्टी आठवली. तिथे एक खाडा झाला की दुसऱ्या दिवशी आपल्या जागी दुसराच उभा असायचा. बाप कडेवर पोर घेऊन कुठल्या कुठल्या रांगेत उभा राहिला असता? राग गेला नाही, पण त्याला जायला वाटही उरली नाही. आईला यातलं काही सांगायचं नाही, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं.

तारीख हातात आली तशी ती दफनभूमीवर गेली. तिथला रखवालदार पाइपने पाणी मारत होता. त्याने तारीख ऐकली, कुठल्या पुस्तकात सापडली ते ऐकलं, आणि पाणी बंद केलं.

असल्या पोरांना स्वतःची जागा मिळत नव्हती, त्याने सांगितलं. त्या दिवशी जे कुणी मोठं माणूस पुरायचं असेल त्याची कबर बुजवायच्या आधी खोदणारे पोर त्यात कडेला ठेवायचे. त्या माणसाच्या घरच्यांना कळायचंही नाही. लिहून ठेवायचे नाहीत. पोर एकटं टाकायचं नाही, एवढंच बघायचे. पुरलेल्यांचं पुस्तक काढलं तर त्या दिवशी एकच नाव निघालं, एका म्हातारीचं. भिंतीकडची कबर, दगड थोडा कललेला. इस्त्री तिथे बराच वेळ उभी राहिली. जुनी कबर नवीन माणसासाठी उघडता येते, रखवालदार म्हणाला, पण सही आत असलेल्याच्या घरच्यांची लागते. कागदावर आत फक्त म्हातारी होती. म्हणजे बहीण मातीत असूनही इस्त्री तिथे परकीच.

म्हातारीचा नातू, त्याचा पत्ता रखवालदारानेच दिला, बाजारात जिन्याखाली चाव्या बनवायचा. इस्त्रीने त्याला सगळं सांगितलं, मशीन चालू असतानाच. त्याने मशीन बंद केलं.

‘‘माझ्या आजीच्या कुशीत परकं पोर,’’ तो म्हणाला, ‘‘आणि आम्हाला पत्ता नाही?’’

‘‘मलाही नव्हता.’’

‘‘आणि आता वरून तुमची आई.’’

‘‘हो.’’

नाही म्हणाला तो. कुणालाही कुणाच्याही घरात घुसवायचं म्हणजे काय. इस्त्री तिथून हलली नाही. गिऱ्हाइकं आली, चाव्या घेऊन गेली, ही तशीच उभी. भांडायला तिच्याकडे शब्दांचा तोटा नव्हता, पण हात पसरून मागायचं कसं ते तिला येत नव्हतं. शेवटी म्हणाली, ‘‘आई जाईल आता. मला दुसरं काही नकोय तुमच्याकडून.’’

सहीचा कागद ठेवून जा, तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो दारात उभा. कागद खिशात, सही केलेली नाही. आजीवर कोण येणार ते आधी बघू द्या, म्हणाला. इस्त्रीने खुर्ची पुढे केली आणि आईला सांगितलं. पोर सापडली. ती एका म्हातारीजवळ आहे. हा त्या म्हातारीचा नातू. बापाच्या सहीचं तेवढं गाळलं.

आईने त्याच्याकडे मान वळवली.

‘‘कशी होती रे तुझी आजी?’’

तो गडबडला. ‘‘आजी? कजाग होती. उंबऱ्यावर बसून अख्ख्या गल्लीला फैलावर घ्यायची.’’

‘‘पोरांना मारायची?’’

‘‘नाही. नुसती ओरडायची. घरात जे सगळ्यांत लहान असेल ते तिच्याजवळ झोपायचं. शेवटी मी होतो. तिचा हात हा असा जड. एकदा अंगावर पडला की सकाळपर्यंत हलायची सोय नाही.’’

आई हसली. किती दिवसांनी हसली ते इस्त्रीलाही आठवेना. चावीवाल्याने कागद काढला, मांडीवर सरळ केला आणि पेन मागितलं.

‘‘राहू दे,’’ आई म्हणाली.

इस्त्रीला वाटलं, तिला कळलं नाही. तिने पुन्हा समजावलं, हे सही करतायत, तू म्हणालीस तसंच होणार.

‘‘कळलं गं मला. ती एकटी आहे म्हणून मला जायचं होतं. आता त्या दोघींमध्ये मी कशाला? मला ठेव कुठेही.’’

एवढी धावपळ, एवढी पुस्तकं, एवढी भांडणं. इस्त्रीने आईकडे बघितलं. कागद तिने त्याच्या हातातून घेतला आणि उशीखाली सरकवला, टाकवेना म्हणून.

चावीवाला उठायला लागला. आईने त्याला बसवून घेतलं.

‘‘झोपताना कुठल्या हातावर घ्यायची रे तुला आजी?’’

त्याने आठवून बघितलं. ‘‘डाव्या.’’

आईने पांघरुणाखाली आपला डावा हात अंगापासून जरासा लांब केला, आणि तो तसाच ठेवून डोळे मिटले.