कोला आणि अडकित्ता

किस्से म्हणजे ड्राइव्हवेवरचा बर्फ. फावड्यानं शोव्हल करून आत यावं, तर मागं तेवढाच साचलेला. आमच्या कॅनडातल्या मिसिसागाच्या पुस्तकमंडळाचे तर ढीग आहेत. सगळे रिटायर्ड डॉक्टर-इंजिनियर, आणि मी सातवी नापास, इथल्याच केंब्रिजच्या कारखान्यात गाड्यांचे दरवाजे बसवून म्हातारा झालेला. मला चहा करायला ठेवलंय, असं मी सांगतो. ते नाही म्हणत नाहीत.

*

एका हिवाळ्यात मंडळातल्या नलूवहिनींनी नायजेरियातल्या एका इग्बो खेड्याची कादंबरी वाचायला काढली. वाचायच्या इंग्रजीत, सांगायच्या मराठीत. त्यातला बाप नुसता खाकरला तरी बायकापोरांचा घास घशात अडकायचा.

मी म्हणालो, "हे घर कुठंतरी पाहिलंय. फक्त पुस्तकात स्नो नाही."

कुणी हसलं नाही. वहिनींचा नवरा तात्या शेजारीच बसला होता. लेक केतकी एका इग्बो मुलाशी, चिडीशी, लग्न करीन म्हणाली, तेव्हापासून तात्यानं घरात तिचं नाव काढायला बंदी केली होती.

*

तात्याला तो बाप एकदम पसंत. "धाक आहे म्हणून घर उभं आहे."

वहिनींनी बोट घालून पुस्तक मिटलं. "आणि तो स्वतः कशाला भितो, ते पुढच्या प्रकरणात आहे."

पुढच्या आठवड्यात तात्याची पाठ धरली. आला नाही!

*

परत आला, तेव्हा कोलाचं प्रकरण चाललेलं. तिकडे कोलाचं फळ फोडल्याशिवाय बोलणी सुरू होत नाहीत, लग्नाची तर नाहीतच.

"म्हणजे आपली सुपारीच की," मी म्हटलं.

"बरोबरी करू नकोस, गणपत," तात्या म्हणाला. "आजोबांचा अडकित्ता मी केतकीच्या सुपारीसाठी इथवर आणला. आता गंजू दे."

बंदी घातलेलं नाव त्यानंच काढलं. मी चहा टाकायला उठलो. मलाही कधीकधी कळतं.

*

मग एका रविवारी तात्याचा फोन. चिडीचे काका कॅल्गरीहून मागणी घालायला येत होते. मुलीच्या बापानं होकार दिल्याशिवाय त्यांच्यात लग्न नाही. केतकीचंही तेच, बाबांशिवाय नाही.

तात्या म्हणाला, "तू दारात उभा राहा. मी घरी नाही म्हणून सांग."

बेल वाजली. जाड जॅकेट, डोक्यावर लाल टोपी, हातात झाकलेली थाळी, असे काका. मागं चिडी आणि केतकी.

"तात्या नॉट होम," मी म्हणालो. "यू कम इन, टी घ्या."

"ओन्ली इफ फादर इन्व्हाइट्स. वी विल वेट," काका म्हणाले आणि तिथंच बर्फात उभे राहिले.

तेवढ्यात आतून तात्या खाकरला.

केतकीची मान खाली गेली. मी ते घर तापवणाऱ्या भट्टीवर ढकललं, "फर्नेस. ओल्ड फर्नेस."

काकांनी हळूच थाळीवरचं फडकं काढलं. सुपारीहून मोठी, तांबूस कोलाची फळं.

तात्या मोज्यांवरच बाहेर आला. थाळीकडे बघत राहिला. शेवटी मागं न बघताच म्हणाला, "नलू, अडकित्ता शोध."

वहिनींनी तो शालीखालून काढला. गंजाचा ठिपकाही नव्हता.