पहिली हळद

मराठीच्या पुस्तकातली एक जुनी गोष्ट मी हिंगणघाटच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवत आलोय. एक म्हातारी कुंभारीण अख्ख्या गावाला पुरतील एवढे दिवे घडवते, पण दिवाळीत तिच्या उंबऱ्यावर पणती ठेवायला कोणी फिरकत नाही. शेवटच्या ओळीला माझा गळा दाटतो. मग मी पोरांना विचारतो, "चूक कोणाची?" उत्तरही मीच शिकवलंय, "आपल्या सगळ्यांची." पुढच्या बाकावरच्या मुली डोळे पुसतात. "सर काय शिकवतात!" असं पालक म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला आवडतं.

यंदा उन्हाळ्यात लेकीचं लग्न झालं. माझी थोरली बहीण वडनेरला राहते. ऐन तरुणपणी विधवा झाली, मूलबाळ नाही. माझ्या लेकीलाच तिनं मांडीवर वाढवलं. लग्नाच्या कितीतरी आधी येऊन ती कामाला लागली. शेवया, कुरडया, रुखवतातली एकेक वस्तू तिच्या हातची. लेकीनं मला बजावून ठेवलं होतं, "बाबा, मले पहिली हळद आत्याच लावीन." मी म्हणालो, "मंग काय! आपण काय जुन्या काळातले आहो?" त्या वाक्यावर मी स्वतःच खूश झालो.

हळदीच्या सकाळी मांडव भरला. व्याह्यांकडच्या बायाही आल्या होत्या. लेक पाटावर बसली, हळदीची वाटी आली, तशी आमची मामी म्हणाली, "चला, सवाष्णी पुढं या." बहीण उठली आणि स्वयंपाकघरात गेली. लेकीनं माझ्याकडे पाहिलं.

मी मागोमाग गेलो. बहीण गॅसपुढं उभी राहून वरण ढवळत होती. ढवळायची काही गरज नव्हती.

"चाल ना बाई, पोरगी थांबून राह्यली."

"मी नाई येत. उद्या तिच्या संसारात काही कमीजास्त झालं तं लोक मलेच बोलतील."

"कोणी नाई बोलत."

तिनं पळी खाली ठेवली. "मामीले तू सांगशीन काय? तू सांगजो, मंग येते मी."

मामीचा आवाज मोठा, व्याह्यांसमोर तमाशा नको, पोरीला सासरी नांदायचंय, असं सगळं डोक्यात येऊन गेलं. बहिणीनं माझं तोंड वाचलं आणि पळी परत उचलली.

"जाय तू. तिकडं वाट पाहून राह्यले असतीन."

आणि मला हायसं वाटलं. गप्प बसल्याची लाज आहेच, पण त्या हायसं वाटण्याची लाज जास्त आहे. ती अजून जात नाही.

बाहेर येऊन लेकीला सांगितलं, "आत्याच नाई म्हणते." शब्द खरे होते, तरी मी खोटं बोललो. लेक माझ्याच वर्गात शिकलेली. तिनं मान खाली घातली आणि मामीनं तिला पहिली हळद लावली.

पाठवणीनंतर बहिणीनं विचारलं, "सारं नीट पार पडलं ना रे भाऊ?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिला वडनेरच्या एसटीत बसवून दिलं, खिडकीतून लाडवांचा डबा दिला. ती हसून हात हलवत होती.

शाळा उघडली आणि तो धडा आला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. यंदा तो प्रश्न विचारायचाच नाही, असं ठरवून वर्गात गेलो. पण शेवटची ओळ आली, आणि दरवर्षीसारखा, अगदी ठरल्या जागी, माझा गळा दाटला. एका मुलीनं पाण्याची बाटली पुढे केली. मी पाणी प्यालो आणि सवयीनं प्रश्न तोंडातून निघूनच गेला.

"आपल्या सगळ्यांची, सर!" वर्ग एका सुरात म्हणाला.

सगळ्यांची म्हटलं की आपल्याला त्यात किती सुखानं लपता येतं, ते त्या दिवशी कळलं. पोरं माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"शाब्बास," मी म्हणालो.